जुन्या तेलविहिरी आणि जिवाणूंचे सर्फॅक्टंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या विहिरीच्या खडकात अडकलेलं तेल जिवाणूंनी बनवलेल्या साबणासारख्या रेणूंनी, म्हणजे सर्फॅक्टंटने, सोडवता येतं का, हा इथला विषय. बायोटेक्नॉलॉजीचे विद्यार्थी, तेलक्षेत्रात नोकरीला लागलेले नवे इंजिनिअर आणि बातमी वाचून कुतूहल वाटलेले वाचक यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विहीर "जुनी झाली" म्हणजे तिच्यातलं तेल संपलं का?

नाही. नव्या विहिरीत खडकातल्या दाबानेच तेल वर येतं. दाब उतरला की पंप बसवतात, मग शेजारच्या विहिरींतून पाणी सोडून तेल ढकलतात. एवढं करूनही बहुतेक क्षेत्रांत मूळ साठ्यातला निम्म्याहून जास्त भाग खालीच राहतो. हे उरलेलं तेल तळ्यासारखं साचलेलं नसतं. खडकाच्या कणांमधल्या केसाहून बारीक पोकळ्यांत ते थेंबाथेंबाने अडकलेलं असतं आणि सोडलेलं पाणी त्याला वळसा घालून निघून जातं. हळूहळू वर येणाऱ्या द्रवात पाणीच जास्त होतं. या प्रमाणाला फील्डवर "वॉटर कट" म्हणतात. ते ९० टक्क्यांच्या पुढे गेलं की पाणी उपसणं, तेलापासून वेगळं करणं आणि परत जमिनीत सोडणं यांचा खर्च तेलाच्या पैशाला भिडतो. विहीर बंद होते ती या हिशेबामुळे.

२. सर्फॅक्टंट म्हणजे साबणच ना? मग बाजारातला डिटर्जंट सोडला तर काय बिघडलं?

काम साबणाचंच आहे. ओशट कढईवर नुसतं पाणी ओतलं तर ते घरंगळून जातं, रिठ्याचं पाणी मात्र तेलाला सोडवून घेऊन जातं. रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे.

फरक मात्रेत आहे. शाम्पू-टूथपेस्टमध्ये असणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटचं पाण्यातलं काम पूर्ण जोमाने सुरू व्हायला लिटरला सुमारे २.३ ग्रॅम लागतात. सर्फॅक्टिन या जिवाणूजन्य रेणूला लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतात. शिवाय अनेक डिटर्जंट खाऱ्या आणि जड पाण्यात फाटतात, आणि खडकातलं पाणी तर बऱ्याचदा समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारं असतं. तरी रासायनिक सर्फॅक्टंट बाद झालेले नाहीत. अल्कली आणि पॉलिमर यांच्या जोडीने ते वापरण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. जिवाणूंची बाजू भक्कम होते ती लहान, दमलेल्या विहिरींवर, जिथे रसायनांचे टँकरच्या टँकर परवडत नाहीत.

३. कोणते जिवाणू आणि त्यांचे कोणते रेणू?

चार नावं लक्षात ठेवली तरी बरंच वाचन सोपं होतं. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू सर्फॅक्टिन तयार करतो. जपानी संशोधकांनी तो रेणू १९६८ मध्ये नोंदवला. त्याचा चुलतभाऊ बॅसिलस लायकेनिफॉर्मिस लायकेनिसिन बनवतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा ऱ्हॅम्नोलिपिड बनवतो. चौथं नाव इमल्सान. तो ॲसिनेटोबॅक्टरपासून मिळतो आणि त्याचा गुण वेगळा आहे: तेल आणि पाणी यांच्यामधला ताण (प्रश्न ४) फारसा कमी करत नाही, पण तेल आणि पाण्याचं मिश्रण दीर्घकाळ फुटू देत नाही. विहिरीतलं तेल सोडवायला पहिले तीन पाहा. टाकी किंवा पाइपलाइनच्या कामाला इमल्सान.

४. पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून २७ वर आला, म्हणजे तेल सुटलं असं समजायचं का?

अजिबात नाही. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसणारा घोळ हाच.

७२ वरून २७ मिलिन्यूटन प्रति मीटर हा आकडा पाणी आणि हवा यांच्यामधला. खडकात हवा नसते. तिथे पाहायचा तो तेल आणि पाणी यांच्यामधला ताण, म्हणजे आंतरपृष्ठीय ताण. कच्चं तेल आणि खारं पाणी यांच्यात तो साधारण २० ते ३० असतो. अडकलेला थेंब अरुंद वाटेतून पुढे सरकायचा तर तो ०.०१ च्या आसपास यायला हवा, म्हणजे हजारपटीने कमी. ३० चा ३ झाला तर कागदावर दहापट सुधारणा दिसते, पण थेंब जागचा हलत नाही.

अशी पातळी गाठणारे जैव-सर्फॅक्टंट आहेत. जेएफ-२ या बॅसिलसच्या वाणाबद्दल ०.०१ हून कमी ताणाची नोंद आहे. पण तीही ठरावीक क्षारतेत आणि ठरावीक तेलासोबत. बाकीचे बरेच रेणू १ किंवा ०.१ वर थांबतात. त्यांचा उपयोग दुसऱ्या मार्गाने होतो: खडकाचा पृष्ठभाग तेलाऐवजी पाण्याने भिजू लागतो आणि चिकटलेला तेलाचा थर सुटतो. चुनखडकात हा दुसरा परिणाम विशेष मोलाचा ठरतो.

५. जिवाणू विहिरीत सोडतात, की बाहेर तयार केलेलं द्रावण?

तीन रस्ते आहेत. पहिल्यात फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या टाकीत) सर्फॅक्टंट तयार करून फक्त तेच खाली पाठवायचं. दुसऱ्यात निवडलेले जिवाणू आणि त्यांचं खाद्य दोन्ही सोडायचं. तिसऱ्यात खडकात आधीपासून राहणाऱ्या जिवाणूंनाच खाद्य पुरवायचं.

पहिला रस्ता सर्वांत हातातला: किती सोडलं ते नेमकं माहीत असतं. मात्र महाग. त्यात सर्फॅक्टंटचा मोठा भाग चिकणमातीच्या कणांना चिकटून वाटेतच संपतो. इथे एक दिलासा आहे. औषधासाठी लागणारी शुद्धता तेलविहिरीला लागत नाही, फर्मेंटरमधला रस्सा पेशींसकट वापरला तरी चालतो. आणि या रेणूंच्या उत्पादनखर्चाचा फार मोठा वाटा शुद्धीकरणाचाच असतो. दुसऱ्या रस्त्यात कारखानाच खाली बसतो, पण तो चालेल की नाही हे तापमान, क्षार आणि स्थानिक जिवाणू ठरवतात.

एकाच विहिरीवर काम असेल तर पद्धत बहुधा "हफ अँड पफ" असते. पंप थांबवतात, टँकरमधून जिवाणू आणि खाद्याचं मिश्रण आत ढकलतात, मागून थोडं पाणी देऊन ते विहिरीपासून दूर खडकात सारतात आणि वेलहेडचे, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचे, व्हॉल्व्ह बंद करतात. दोन-तीन आठवडे विहीर तशीच राहते. उघडल्यावर आधी गढूळ, आंबूस वासाचं पाणी येतं. तेलाचा आकडा त्यानंतर पाहायचा.

६. हे तंत्र नवं आहे का?

कल्पना शंभर वर्षांची आहे. १९२६ मध्ये बेकमन यांनी जिवाणूंनी तेल सुटू शकेल असं सुचवलं. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्लॉड झोबेल यांनी १९४० च्या दशकात प्रयोग करून पाया घातला. पहिली मोठी मैदानी चाचणी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात लिस्बन क्षेत्रावर झाली. तिथे क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंसोबत मळी सोडली होती. पुढे रुमानिया, रशिया आणि चीनमध्ये बरीच कामं झाली. तेलाचा भाव चढला की या विषयाचे निबंध वाढतात, उतरला की पैसा आटतो. इतकी वर्षं रखडण्याचं एक कारण हेही आहे.

७. भारतात कुठे वापरतात?

मुख्यतः गुजरात आणि आसामच्या जमिनीवरच्या क्षेत्रांत. अहमदाबादची ओएनजीसीची इन्स्टिट्यूट ऑफ रिझर्व्हॉयर स्टडीज आणि दिल्लीची टेरी (द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट) ही संस्था यांनी मिळून उष्ण खडकात टिकणारे जिवाणूसमूह तयार केले. त्यांची मजल ९० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. ओएनजीसी आणि टेरी यांची संयुक्त कंपनी २००७ मध्ये उभी राहिली आणि ती ही सेवा देते.

तिचं आणखी एक काम फील्डवर जास्त ओळखीचं आहे: ट्यूबिंगमध्ये, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीत, साचणारं मेण. मेणयुक्त तेल वर येताना थंड होतं, नळीच्या आतून थर धरतो आणि दर काही दिवसांनी तारेला स्क्रेपर बांधून तो खरवडावा लागतो. मेण खाणारे जिवाणू सोडले की दोन खरवडण्यांमधलं अंतर वाढतं. हा फायदा आठवड्याभरात डोळ्यांना दिसतो, म्हणून फील्डवरच्या माणसांचा यावर पटकन विश्वास बसतो.

८. मग मुंबई हायवर का नाही? तीही जुनी झालीच आहे.

१९७४ मध्ये सापडलेलं आणि १९७६ पासून तेल देणारं हे क्षेत्र जुनं नक्कीच आहे. पण तिथला मुख्य साठा चुनखडकात आहे आणि खडकाचं तापमान शंभर अंशांच्या पुढे जातं. बहुतेक सर्फॅक्टंट करणारे जिवाणू त्याच्या बरेच आधी दम तोडतात. शिवाय समुद्रात प्लॅटफॉर्मवर जागा मोजकी, बोटीचं भाडं भारी आणि दाबासाठी सोडलं जातं ते समुद्राचं पाणी. त्यातल्या सल्फेटची डोकेदुखी प्रश्न १३ मध्ये आहे. बाहेर तयार केलेलं, उष्णता सोसणारं सर्फॅक्टंट हा तिथला त्यातल्या त्यात विचार करण्याजोगा पर्याय.

९. कुठली विहीर योग्य, हे ढोबळमानाने कसं ओळखायचं?

तापमान ८० अंशांच्या आत, क्षार १० टक्क्यांच्या आत, पारगम्यता (खडक द्रवाला किती सहज वाट देतो त्याचं माप) किमान ५० ते १०० मिलिडार्सी. जिवाणू एक-दोन मायक्रॉन लांब असतात. वाट त्याहून बरीच रुंद नसेल तर ते विहिरीच्या तोंडाशीच अडकून चोंदण करतात. घट्ट खडक आणि शेल यासाठीच बाद. जमिनीखाली दर १०० मीटरला साधारण अडीच ते तीन अंश वाढतात, त्यामुळे दोन किलोमीटरच्या पुढे गेलं की तापमानाचा विचार आधी करावा.

आकड्यांच्या यादीत न येणारी एक अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: खाली तेल उरलेलं असलं पाहिजे, आणि विहीर त्याच कारणाने दमलेली असली पाहिजे. केसिंग (विहिरीचं पोलादी अस्तर) फुटून वरच्या थरातलं पाणी आत येत असेल, पंप झिजला असेल किंवा वाळूने छिद्रं बुजली असतील तर दुखणं वेगळं आहे. त्यावर जिवाणू सोडणं म्हणजे पैसे पाण्यात.

१०. जिवाणू तेलच खाऊन टाकत नाहीत का?

खोल खडकात प्राणवायू नसतो. प्राणवायूशिवाय तेल पचवणं फार सावकाश चालतं, आणि मळीसारखं सोपं खाद्य समोर असताना ते तेलाकडे वळत नाहीत. साठ्याच्या मानाने खाल्लं जाणारं तेल नगण्य असतं. मेण खाणाऱ्यांची गोष्ट वेगळी (प्रश्न ७), त्यांना आपण जेवायलाच बोलावलेलं असतं.

११. उत्पादन किती वाढतं? एक कंपनी "दुप्पट, हमखास" म्हणते आहे.

हमखास म्हणणाऱ्याला आधी प्रश्न ९ मधली माहिती मागा. विहिरीचं तापमान, क्षार आणि वॉटर कटचा इतिहास न पाहता जो आकडा सांगतो, त्याच्याकडे विकायला जिवाणू आहेत, उपाय नाही.

दुप्पट हा शब्द फसवाही असू शकतो. दिवसाला ३ बॅरल देणारी विहीर ६ देऊ लागली तर दुप्पट खरंच झालं, पण वाढ ३ बॅरलची, म्हणजे ४७७ लिटरची. तेवढ्यात काम वसूल होतं का, हा खरा प्रश्न. कधीकधी होतंही, कारण खर्च टँकरभर मिश्रणाचा आणि दोन-तीन दिवसांच्या मजुरीचा असतो. कोअरमधल्या, म्हणजे खडकाच्या दंडगोल नमुन्यातल्या चाचणीत मिळालेले १५ किंवा २० टक्के मात्र थेट विहिरीला लावू नका. वीतभर कोअरच्या कोपऱ्याकोपऱ्यात द्रावण पोचतं. विहिरीभोवतीच्या शेकडो मीटर खडकात ते सोपी वाट धरतं.

१२. वाढ झाली ती जिवाणूंमुळेच, हे कसं सिद्ध करायचं?

या पानावरचा सर्वांत कठीण प्रश्न हा. या तंत्राबद्दलचा निम्मा अविश्वास इथूनच आला आहे.

पहिला सापळा विहीर बंद ठेवण्यातच आहे. दोन-तीन आठवडे कुठलीही विहीर बंद ठेवा, काहीही न सोडता, उघडल्यावर पहिले काही दिवस ती जास्त तेल देते. आसपासचा दाब भरून येतो, तेल आणि पाणी वेगळं होतं. ही वाढ जिवाणूंच्या खात्यावर टाकणं चूक. म्हणून तीच विहीर आधी तेवढेच दिवस नुसती बंद ठेवून पाहावी, किंवा शेजारची तशीच विहीर तुलनेला घ्यावी. दुसरा सापळा म्हणजे याच संधीचा फायदा घेऊन केलेली पंपदुरुस्ती. तिसरा मोजणीचा: जुन्या क्षेत्रांत अनेक विहिरींचं तेल एकाच सेपरेटरला (तेल, पाणी आणि वायू वेगळं करणाऱ्या टाकीला) जातं आणि एका विहिरीची स्वतंत्र चाचणी महिन्यातून एखाद्या वेळी होते. अशा एका आकड्यावर यशाचा अहवाल उभा करू नये.

चौथी गोष्ट उलट्या बाजूची, ती बरेच जण विसरतात. समजा विहीर आज २० बॅरल देते आणि दर महिन्याला २ टक्के घसरते. काहीच केलं नाही तर वर्षाने ती १५.७ बॅरलवर येईल. काम केल्यावर वर्षाने ती १८ देत असेल तर वरवर पाहणारा म्हणेल उत्पादन घटलं. प्रत्यक्षात रोज २.३ बॅरल कमावले. घसरणीची रेषा आधी आखली नसेल तर हे दिसणारच नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने वाढीव उत्पादनावर सवलती देणारं धोरण मंजूर केलं, त्यामुळे ही रेषा आता हिशेबनीसांच्याही कामाची झाली आहे.

नमुनेदार चाचणी कशी असते ते पाहायचं असेल तर ओक्लाहोमातल्या चुनखडकावरचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम पाहावं. दोन विहिरींत बॅसिलसचे वाण आणि खाद्य सोडलं, दोन विहिरींत फक्त खाद्य, आणि एकीत नुसतं तिथलंच पाणी. वर आलेल्या पाण्यात सर्फॅक्टंट सापडलं ते फक्त पहिल्या दोन विहिरींत, सरासरी लिटरला ९० मिलिग्रॅम; कोअरमधलं तेल हलवायला लागणाऱ्या किमान मात्रेच्या सुमारे नऊपट. किती तेल वाढलं यापेक्षा रेणू खाली तयार झाला का, हे त्यांनी आधी दाखवलं. तो क्रम योग्य होता.

१३. काम केल्यावर सडक्या अंड्याचा वास येऊ लागला. काय झालं?

माणसं आधी लांब करा, नंतर कारण शोधा. तो हायड्रोजन सल्फाइड आहे. जास्त प्रमाणात तो नाकाची जाणीवच बधिर करतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे वायू गेला असं कधीही समजू नका, मीटरवरच विसंबा.

कारण असं: खडकात सल्फेट वापरून जगणारे जिवाणू आधीपासून असतात. तुम्ही घातलेलं खाद्य, किंवा त्यापासून तयार झालेली सेंद्रिय आम्लं, त्यांनाही मिळतात. पाण्यात सल्फेट भरपूर असेल, जसं समुद्राच्या पाण्यात असतं, तर त्यांची चंगळ होते. वायूबरोबर पाइपचं गंजणंही वाढतं. उपाय म्हणून खाद्यात नायट्रेट घालतात, म्हणजे नायट्रेटवर जगणारे जिवाणू वरचढ होऊन त्यांना उपाशी ठेवतात. सल्फेटची तपासणी काम सुरू करण्याआधीच व्हायला हवी.

१४. हे जिवाणू माणसाला किंवा गावच्या पाण्याला धोकादायक आहेत का?

बॅसिलस सबटिलिस निरुपद्रवी; नाट्टो हा आंबवलेल्या सोयाबीनचा जपानी पदार्थ त्याच्यापासूनच बनतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा मात्र दुबळ्या रुग्णांना, विशेषतः भाजलेल्यांना, गंभीर संसर्ग करतो. म्हणून जिवंत जिवाणू सोडायचे तर बॅसिलस बरा, आणि ऱ्हॅम्नोलिपिड हवं असेल तर ते बाहेर बनवून पेशी मारून वापरावं. गावच्या पाण्याचं म्हणाल तर तेलाचा थर भूजलाच्या बराच खाली असतो. धोका असतो तो फुटक्या केसिंगचा आणि जमिनीवर सांडलेल्या मिश्रणाचा.

१५. कॉलेज प्रोजेक्टसाठी असे जिवाणू कुठून मिळवू? तपासू कसे?

गॅरेजमागची ऑइल सांडलेली माती पुरते. जिवाणू वाढवून रस्सा सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं निवळ पाणी घ्या. काचेच्या बशीत साधं पाणी ओता, त्यावर इंजिन ऑइलचा पातळ तवंग पसरू द्या आणि मधोमध निवळीचा एक थेंब सोडा. सर्फॅक्टंट असेल तर तेल झटकन मागे सरतं आणि मधे स्वच्छ वर्तुळ उघडतं. सोबत जिवाणू न वाढवलेल्या खाद्य-द्रावणाचा थेंबही टाकून पाहा, नाहीतर निष्कर्ष अर्धवट राहील.

दुसरी चाचणी ई-२४: परीक्षानळीत निवळ आणि केरोसीन समप्रमाणात घ्या, दोन मिनिटं जोरात ढवळा आणि २४ तासांनी फेसट थराची उंची एकूण उंचीच्या किती टक्के आहे ते मोजा. पण चांगलं इमल्शन म्हणजे कमी ताण नव्हे. इमल्सानबद्दल प्रश्न ३ मध्ये सांगितलं तेच इथे लागू.

१६. तेल वाढलं, पण टाकीत पाणी वेगळंच होईना. हे कसं?

चांगलं काम केल्याची ही शिक्षा. खाली तेल सोडवणारा रेणू वर येऊन इमल्शन धरून ठेवतो. पहिले काही दिवस त्या विहिरीचं तेल वेगळ्या टाकीत घ्या, हीटर ट्रीटरचं (तापवून तेल-पाणी वेगळं करणाऱ्या टाकीचं) तापमान वाढवा आणि डीमल्सिफायरची (इमल्शन फोडणाऱ्या रसायनाची) मात्रा बाटलीतल्या चाचणीने नव्याने ठरवा. सगळ्या विहिरींच्या तेलात ते मिसळू दिलं तर पूर्ण स्टेशन अडकतं.

१७. गुजरातमधल्या मेहसाणासारख्या दाट तेलावर चालेल का?

सर्फॅक्टंट एकट्याने नाही. तिथली अडचण दाटपणाची आहे. तिथल्या बलोल आणि सांथाल क्षेत्रांत म्हणूनच खडकातच तेलाचा काही भाग जाळून बाकीचं पातळ करण्याची पद्धत वापरली गेली.

१८. महाराष्ट्रात मळी मुबलक आहे. साखर कारखान्यांना यात धंदा दिसतो का?

मळी हे खाद्य म्हणून उत्तम आणि जुनं आहे (प्रश्न ६). पण इथेनॉलच्या मागणीपुढे तेलविहिरींची गरज फारच लहान, आणि विहिरी गुजरात-आसामात. मळीपेक्षा मळीवर वाढवलेलं सर्फॅक्टंट विकणं जास्त शहाणपणाचं, कारण त्याला शेती, सफाई आणि सौंदर्यप्रसाधनं असे दुसरे गिऱ्हाईकही आहेत.

१९. आमच्या बोअरवेलचं पाणी आटलं आहे. हे जिवाणू सोडले तर वाढेल का?

नाही, आणि कृपया सोडू नका. बोअरमध्ये तेलाने अडवलेलं पाणी नसतं, पाणीच नसतं. शिवाय त्या बोअरचं पाणी तुम्ही पिता.

२०. विहीर नाही, पण तेलाच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ आहे. त्यावर चालेल?

चालेल, आणि विहिरीपेक्षा खात्रीने. टाकीत तापमान आपल्या हातात, क्षार आपल्या हातात, किती गाळ आहे ते मोजता येतं. कुवेतमध्ये तेलाच्या टाकीवर जैव-सर्फॅक्टंट वापरून गाळातलं ९० टक्क्यांहून जास्त तेल परत मिळवल्याची नोंद १९९१ ची आहे. सुरुवात अशी करा: तळाचा, मधला आणि कडेचा असे तीन नमुने घ्या, प्रत्येकातलं तेल, पाणी आणि घन भाग वेगवेगळा मोजून घ्या. घन भागच जास्त निघाला तर परत मिळण्यासारखं तेल थोडं, आणि मग फावड्याने गाळ काढणंच स्वस्त पडतं.